वडील फौजेतून निवृत्त झालेत, ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आहे. आई-वडील गावी राहतात. त्यांच्यासाठी वेगळा मेडिक्लेम घ्यावा का?

मेडिक्लेमचं नंतर बघू. आधी कार्डावरचं आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, ते बघा.

माझे वडील हवालदार होते. आईची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जून, म्हणून आधारवरही तीच. (मास्तरांनी अर्ध्या गावाला हीच तारीख वाटली होती.) फौजेच्या रेकॉर्डात मात्र साल भलतंच आणि नाव माहेरचं. लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर (फौजेच्या रेकॉर्डातली कुटुंबाची नोंद) निघाली तेव्हा कुणी काय लिहिलं, देव जाणे. आई दर सुट्टीत म्हणायची, एवढं दुरुस्त करून घ्या. वडिलांचं ठरलेलं उत्तर, "पेन्शनीत आल्यावर बघू." पेन्शनीत आले आणि तिच्या कार्डाचा अर्ज परत आला. ॲफिडेव्हिट झालं, सरपंचाचा दाखला झाला, रेकॉर्ड ऑफिसला पत्रं झाली. तेवढ्यात तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. खाजगीत केलं, मामांकडून उसने घेऊन. तेच मामा पुढे भर पंगतीत म्हणाले, "फौजवाल्यांना काय, सगळं फुकट!"

फुकट नाही हो मामा. 2017 च्या शेवटी ठरलेल्या दरानं हवालदारापर्यंत 30 हजार, जेसीओला (सुभेदार वगैरे) 67 हजार आणि ऑफिसरला 1 लाख 20 हजार एकरकमी भरावे लागतात. 1996 च्या आधी निवृत्त झालेल्यांना माफ आहे.

2003 पासूनची ही योजना चांगलीच आहे. मोठी ऑपरेशनं होतात, पॅनेलवरच्या (योजनेशी करार असलेल्या) हॉस्पिटलात खिशाला हात लागत नाही. पण खेड्यातून बीपीच्या गोळ्यांसाठी एसटीनं जिल्ह्याला जायचं आणि चिठ्ठीवर औषधापुढे 'एनए', म्हणजे उपलब्ध नाही, असं लिहून घेऊन परतायचं, याला सोय म्हणत नाहीत. तालुक्याला पॉलिक्लिनिक (ईसीएचएसचा दवाखाना) नाही, तर महिन्याची औषधं घेऊन गाडी तरी यावी. एवढी पोरं ज्या गावांनी फौजेला दिली, त्यांना एवढं मागायचा हक्क आहे.

रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर पॉलिक्लिनिकच्या रेफरलची (हॉस्पिटलात पाठवणाऱ्या चिठ्ठीची) वाट बघू नका. जवळच्या हॉस्पिटलात न्या, 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. हॉस्पिटल पॅनेलवरचं नसेल तर बिल आपण भरायचं आणि मग क्लेम टाकायचा. पैसे मिळतात ते सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दरानं, वरचा फरक आपल्या बोकांडी. गावाजवळ पॅनेलवरचं एकही हॉस्पिटल नसेल, तरच मेडिक्लेमचा विचार करा. मात्र या वयात हप्ता दणकून बसतो, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

माझा भाऊही आता फौजेत आहे. वहिनीच्या नावातली चूक दाखवली, तर म्हणतो काय, "पेन्शनीत आल्यावर बघू." यंदा सुट्टीवर आला की मटण नंतर, आधी कागद, असं मी वहिनीला बजावून ठेवलंय. तुमच्या घरात कुणी अजून नोकरीत असेल तर त्यालाही हेच ऐकवा.

हो, आणि तुम्ही स्वतः पंचविशी ओलांडलेला मुलगा असाल, किंवा मुलगा-मुलगी कुणीही असून कमावते असाल, तर वडिलांच्या कार्डात तुम्ही बसत नाही. मेडिक्लेम घ्यायचाच असेल तर आधी स्वतःचा घ्या.