खग्रास ग्रहण घरच्यांसोबत: चष्मा कधी काढायचा, कधी घालायचा

चार आणि नऊ वर्षांची मुलं, सत्तरीचे आजी-आजोबा आणि प्रश्न दोन. राहतो तिथूनच सूर्य ९९ टक्के झाकलेला दिसणार असेल तर आणखी प्रवास कशाला? आणि मुलांच्या डोळ्यांचं काय?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: जा. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. म्हणजे एक टक्का उघडा राहिला तरी काही हजार पौर्णिमांचा उजेड उरतो. प्रभाकिरीट, म्हणजे खग्रासातच दिसणारं सूर्याभोवतीचं तेजोवलय (करोना), असतो साधारण एका पौर्णिमेच्या चंद्राइतका उजळ. तो त्यात दिसणारच नाही.

पण खग्रास ज्या पट्ट्यातून दिसतं त्याच्या अगदी मध्यरेषेसाठी जीव टाकू नका. मध्यापासून काठापर्यंतच्या अंतराच्या निम्म्यावर उभे राहिलात तरी खग्रास काळ सुमारे ८७ टक्के मिळतो. मध्यावर ४ मिनिटं असतील तर तिथे जवळजवळ साडेतीन. घसरण होते ती काठाजवळ: ९० टक्के अंतरावर काळ निम्म्याहून कमी. तेव्हा काठ टाळा आणि बाकी जागा सावली, स्वच्छतागृह आणि मोकळं आकाश बघून ठरवा. सूर्य त्या वेळी किती उंचीवर असेल ते आधी काढा. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते. सूर्य दोन मुठींवर असेल तर समोरची टेकडी किंवा इमारत आडवी येऊ शकते.

आता डोळे. ग्रहणाच्या चष्म्यावर ‘आयएसओ १२३१२-२’ हे सूर्य बघण्याच्या फिल्टरचं आंतरराष्ट्रीय मानक छापलेलं हवं, पण छापील अक्षरांवर विसंबू नका. घरात चष्मा घालून पाहा: खोलीतला दिवा, खिडकी, काहीच दिसता कामा नये, अगदी प्रखर एलईडी जवळून अंधूक दिसला तर हरकत नाही. मग दिव्यासमोर धरून टाचणीएवढी भोकं किंवा ओरखडे तपासा. सापडले तर चष्मा फेकून द्या. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, साधे गॉगल यांतलं काहीही नको. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होत असताना पत्ता लागत नाही. नजरेतला डाग काही तासांनी जाणवतो. नंबरचा चष्मा असलेल्यांनी तो तसाच ठेवून वरून हा घालावा.

चार वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर मोठ्यांचा चष्मा टिकत नाही, खालच्या फटीतून ऊन आत येतं. कागदी ताटलीला डोळ्यांपुरती खाच पाडून चष्मा आतून चिकटवा आणि मागून इलॅस्टिक लावा. सवय एकच लावायची: आधी मान खाली, मग चष्मा, काढतानाही आधी मान खाली. आदल्या दिवशी खेळ म्हणून चार वेळा करून घ्या. तरी एवढं लहान मूल खंडग्रासाचा तासभर वर बघत बसत नाही, बसवूही नका. त्याच्या हातात चाळणी द्या. सूर्याकडे पाठ करून तिची सावली जमिनीवर पाडली की प्रत्येक भोकाची एक कोर उमटते. प्रतिमा दर मीटरला जेमतेम ९ मिलिमीटरची होते, त्यामुळे भोकं बारीक हवीत, २-३ मिलिमीटरची. मोठी असतील तर चाळणी उंच धरा, नाहीतर नुसते गोल ठिपके दिसतात आणि मूल म्हणतं, ‘कुठाय ग्रहण?’

आजी-आजोबांसाठी आरसा उत्तम. छोट्या आरशावर ५ मिलिमीटर भोकाचा कागद चिकटवा आणि कवडसा सावलीतल्या भिंतीवर पाडा. १० मीटरवर ९ सेंटिमीटरचा सूर्य मिळतो, तोही खुर्चीत बसून. आरशात मात्र कुणी डोकावायचं नाही.

खरी गडबड होते ती खग्रासाच्या दोन टोकांना. त्या जागेची संमीलन (खग्रास सुरू होण्याची) आणि उन्मीलनाची (खग्रास संपण्याची) वेळ सेकंदासकट लिहून घ्या आणि एकाच मोठ्या माणसाकडे घड्याळ व हाक द्या. चष्म्यातून काहीच दिसेनासं झालं की हाक: ‘काढा!’ उन्मीलनाला २० सेकंद उरले की ‘तयार’. सूर्य ज्या बाजूने आधी झाकायला लागला होता, त्याच बाजूने उघडतो. नऊ वर्षांच्या मुलाला ही बाजू आधीच लक्षात ठेवायला सांगा. तिथे गुलाबी कड उजळू लागली की लगेच ‘घाला!’, लखलखणाऱ्या ठिणगीची वाट पाहायची नाही. खग्रासात दुर्बिणीतून करोना अप्रतिम दिसतो, पण बिनफिल्टरची दुर्बीण मुलांना नको. मोठ्यांनीही ३० सेकंद आधी खाली ठेवावी. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत पाहणं तर सर्वांत घातक, कारण भिंगांनी एकवटलेलं ऊन फिल्टर जाळतं. दुर्बिणीचा फिल्टर नेहमी पुढच्या भिंगावर, घट्ट.

फोटोच्या नादी लागू नका. फोन स्टँडवर लावून, फ्लॅश बंद करून, दहा मिनिटं आधी घरच्यांकडे रोखून व्हिडिओ सुरू करा.

धाकट्याला आधीच सांगा की भरदिवसा अंधार होईल, गार वाटेल, लोक ओरडतील आणि काही मिनिटांत उजाडेल. घाबरून कुशीत शिरला तर जबरदस्तीने मान वर करू नका. आजींसाठी शाल जवळ ठेवा. संपल्यावर लगेच गाडी काढू नका, सगळे तेव्हाच निघतात. मोक्षाला, म्हणजे ग्रहण पूर्ण सुटायला, अजून तासाभराहून जास्त वेळ असतो; तेवढ्यात जेवण उरकतं.