आकडी आलीच नाही, मग औषध कशाला?

सिंहगड रस्त्यावरचं जोडपं, त्यांचं सात आठवड्यांचं बाळ आणि आजी. पोटात असतानाच सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात गाठी दिसल्या होत्या. जन्मानंतर पाठीवर पानासारखे फिकट डाग. (हे कोड नव्हे, हे आधी आजींना सांगावं लागलं.) तपासणीत टीएससी-२ जनुकात दोष निघाला, म्हणजे ट्यूबरस स्क्लेरोसिस, मेंदू, हृदय, त्वचा अशा अवयवांत गाठी किंवा डाग होणारा जनुकीय आजार. ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) बिघडलेला दिसताच डॉक्टरांनी व्हिगाबॅट्रिन हे आकडीवरचं औषध लिहून दिलं. "अजून एकदाही आकडी आली नाही. एवढ्याशा जिवाला औषध कशाला?" आजींचा हा प्रश्न रास्तच आहे.

या आजारात दहापैकी आठ-नऊ जणांना अपस्मार, म्हणजे वारंवार आकडी येण्याचा आजार होतो, बहुतेकांना पहिल्याच वर्षात, आणि बऱ्याचदा आकडीच्या आधी ईईजी बिघडतो. म्हणून आकडी नसली तरी वर्षाचं होईपर्यंत दर सहा आठवड्यांनी आणि पुढे दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी ईईजी काढतात. २०२१ च्या एपिस्टॉप अभ्यासात ईईजी बिघडताच औषध सुरू केलेल्या बाळांना पहिली आकडी यायला साधारण ३६४ दिवस लागले. आकडीची वाट पाहिलेल्यांना १२४. पण २०२३ च्या प्रिव्हेंट अभ्यासात लवकर औषध देऊन बुद्धीच्या वाढीत फरक पडला नाही. इन्फन्टाइल स्पॅझम्स (तान्ह्या बाळांना लागोपाठ येणारे आकडीचे झटके) मात्र कमी झाले. आईवडिलांना हे दोन्ही सांगायलाच हवं.

बाबांनी एव्हरोलिमस या दुसऱ्या औषधाबद्दल विचारलं. ते दोषाच्या मुळाशी, पेशींची वाढ चालवणाऱ्या एमटॉर या प्रथिनावर काम करतं. पण आकड्या सुरू झालेल्या, दोन वर्षांवरच्या रुग्णांत इतर औषधांच्या जोडीला. आकडी येऊ नये म्हणून ते अजून नेहमीच्या वापरात नाही.

आता व्हिगाबॅट्रिनचा डोस समजून घ्या. वजन ५ किलो, किलोमागे १०० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ५००, दोन वेळांत विभागून. प्रत्येक वेळी ५०० मिलिग्रॅमची नवी पुडी १० मिलिलिटर पाण्यात विरघळवायची, सिरिंजने ५ मिलिलिटर द्यायचं, उरलेलं टाकायचं. चमच्याने मोजलं की डोस चुकतो. वजन वाढलं की डोसही डॉक्टरांकडून बदलून घ्यायचा. औषध एकदम बंद केलं तर आकड्या उसळतात, म्हणून पुड्या संपायच्या आठवडाभर आधीच मागवा. कडेची नजर कायमची कमी होण्याचा धोका आहे, तो डोस आणि काळ वाढेल तसा वाढतो. म्हणून डोळ्यांची तपासणी ठरलेल्या वेळी करा आणि औषध कधी थांबवायचं हे आजच विचारून ठेवा.

आजींना एक काम दिलं. झोपेतून उठल्यावर बाळाची मान झुकली, हात झटक्यात उडाले आणि असं लागोपाठ झालं, तर पोटात वारा धरला समजून ओवा चोळत बसायचं नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा.