आयर्लंडला जायचं, पण कोणत्या महिन्यात?

आयर्लंडमधल्या उत्सवांबद्दल विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : मुलगी डब्लिनला नोकरीला आहे. ‘सेंट पॅट्रिक्स डेला या’ असा तिचा आग्रह आहे. आम्ही दोघंही साठीच्या पुढचे. जावं का? (ठाणे)

मुलीसाठी जरूर जा, मिरवणुकीसाठी म्हणून जाऊ नका. १७ मार्चला, म्हणजे आयर्लंडच्या या संताच्या दिवशी, डब्लिनमध्ये पाय ठेवायला जागा नसते, वारा बोचरा असतो आणि मिरवणूक नीट दिसावी असं वाटत असेल तर दोन-तीन तास आधीच कठड्याशी उभं राहावं लागतं. शिवाय आज दिसतो तो काही दिवसांचा भव्य महोत्सव १९९६ पासूनचा आहे. पूर्वी हा चर्चला जाण्याचा दिवस होता. विसाव्या शतकात बरीच वर्षं त्या दिवशी पब कायद्यानंच बंद असत. मिरवणुकांचा थाट वाढवला तो अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांनी. तिथून तो माहेरी परतला.

मुलीला सांगा, एखाद्या छोट्या गावची मिरवणूक दाखव. सजवलेले ट्रॅक्टर, शाळेची पोरं, हर्लिंग खेळणारा गावचा संघ, अग्निशमन दलाची गाडी. तासाभरात सगळं आटोपतं आणि कडेला उभे असलेले लोक मिरवणुकीतल्या प्रत्येकाला नावानं हाक मारतात.

तारीख हलवता येत असेल तर फेब्रुवारीची सुरुवात बघा. १ फेब्रुवारी हा संत ब्रिजिडचा दिवस. त्याच नावाची एक देवी ख्रिस्ती धर्म येण्याआधीही तिथे होती. लव्हाळ्याचा क्रॉस विणून तो घराच्या दारावर लावतात. आपल्या तोरणाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. २०२३ पासून या सणाची सार्वजनिक सुट्टीही असते. ब्रिजिडचं गाव किल्डेअर डब्लिनपासून रेल्वेनं जवळ आहे.

प्रश्न : मी भजनाला पेटी वाजवतो. खरं आयरिश संगीत कुठे ऐकायला मिळेल? पर्यटकांसाठी मांडलेलं नको. (कुडाळ)

असा प्रश्न आला की मला दोन ओळींत आवरता येत नाही.

ऑगस्टमध्ये ‘फ्ला क्योल’ भरतो. पारंपरिक संगीताचा हा सर्वांत मोठा मेळा. १९५१ मध्ये मलिंगार गावात सुरू झाला आणि तेव्हापासून गावं बदलत फिरतो आहे. २०२४ आणि २०२५ ला तो वेक्सफर्डला होता, २०२६ साठी बेलफास्टची निवड झाली. रचना आपल्या ओळखीची आहे : आधी जिल्ह्याच्या फेऱ्या, मग प्रांताच्या, त्यातून निवडलेले इथे. बारा वर्षांखालच्या मुलांपासून वयाप्रमाणे गट असतात. पण स्पर्धा हे निमित्त. खरी मजा रस्त्यावर, कारण जो तो वाद्य घेऊन आलेला असतो आणि दुकानाच्या पायरीवर चार जण बसले की झाली मैफल सुरू.

त्या मैफलीला ‘सेशन’ म्हणतात. मंच नाही, माइक नाही. एक जण धून धरतो, ज्यांना ती येते ते हळूच शिरतात. दोन-तीन आवर्तनं झाली की न थांबता पुढची धून. वादकांच्या वर्तुळातली रिकामी खुर्ची आपली नसते, हे ध्यानात ठेवा. ‘बाउरान’ हे कातडी मढवलेलं डफासारखं तालवाद्य आहे. ते दिसलं की आपले हात शिवशिवणारच, पण कुणी दिल्याशिवाय उचलू नका.

तुम्ही पेटीवाले आहात म्हणून मात्र मी तुम्हाला जुलैत क्लेअर परगण्यातल्या मिल्टाउन मलबेला धाडीन. विली क्लॅन्सी हा त्या गावचा नामांकित पाइपवादक १९७३ च्या जानेवारीत गेला आणि त्याच वर्षी त्याच्या नावानं तिथे उन्हाळी शाळा सुरू झाली. आठवडाभर सकाळी वर्ग, रात्री उशिरापर्यंत सेशन. तिथला इलिन पाइप तोंडानं फुंकत नाहीत. एका कोपराखाली भाता, दुसऱ्या काखेत पिशवी. ‘इलिन’ म्हणजेच कोपराचा. आणि कॉन्सर्टिना तर तुमच्या पेटीची चुलत बहीण : भात्याची हवा, धातूची रीड, आवाजाचा पोत लगेच ओळखीचा. क्लेअर तिच्यासाठीच प्रसिद्ध आहे. समोर बसून फक्त भाता बघत राहिलात तरी जाणं वसूल.

प्रश्न : एका गावात बोकडाला राजा करतात म्हणे. ही थाप आहे का? (सातारा)

अजिबात नाही. केरी परगण्यातलं किलॉर्गलिन, दरवर्षी १० ते १२ ऑगस्ट. डोंगरातून रानटी बोकड धरून आणतात, शाळकरी मुलगी त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवते आणि ‘किंग पक’ उंच मचाणावर चढतो. इंग्रज सेनानी क्रॉमवेलचं सैन्य येत असताना एका बोकडानं धावत येऊन गावाला सावध केलं, अशी आख्यायिका सांगतात. खाली घोड्यांचा आणि गुरांचा बाजार, जत्रा, गाणीबजावणी. नंतर राजा परत डोंगरात. प्राणिप्रेमींचा याला विरोध आहे आणि तो मला अनाठायी वाटत नाही. २०२२ मध्ये उन्हाचा कडाका वाढला तेव्हा बोकडाला खाली उतरवावंच लागलं. बाजारासाठी जा, बोकडाशिवायही तो बघण्यासारखा आहे.

प्रश्न : हॅलोविन हे अमेरिकेचं खूळ ना? मग त्यासाठी आयर्लंड कशाला? (पुणे)

उलट आहे. मूळ सण आयर्लंड-स्कॉटलंडकडचा : ‘साउइन’, सुगी संपून वर्षाचा काळोखा अर्धा भाग सुरू होतो तो. त्या रात्री इहलोक-परलोकातला पडदा विरळ होतो अशी समजूत. सर्वपित्रीच्या देशातून आलेल्याला ते समजावून सांगावं लागत नाही. भोपळा अमेरिकेतला, आयर्लंडमध्ये सलगम कोरत. तो जुना दिवा एखाद्या संग्रहालयात बघा, भोपळ्यापेक्षा कितीतरी भेसूर दिसतो.

३१ ऑक्टोबरला डेरी शहरात असाल तर उत्तम. सतराव्या शतकातल्या तटबंदीच्या आत अख्खं शहर सोंगं घेऊन फिरतं. मीथ परगण्यात ट्रिम आणि अ‍ॅथबॉयला ‘पूका’ महोत्सव होतो. साउइनच्या अग्नीशी ज्या टेकडीचं नाव जोडलेलं आहे ती अ‍ॅथबॉयजवळच.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, दारूही घेत नाही. डिसेंबरमध्येच सुट्टी मिळते. उपाशी आणि कंटाळलेले परत येऊ का? (बेळगाव)

पबमध्ये चहा मागितला तर कुणी वळूनही बघत नाही. दारूला न शिवणारे आयरिशही पुष्कळ आहेत, त्यांची संघटना १८९८ पासूनची. खायला कोलकॅनन मागा : कुस्करलेला बटाटा, कोबी किंवा केल, वर लोणी. त्यात मांसाचे तुकडे नाहीत ना, एवढं विचारून घ्या.

डिसेंबरात न्यूग्रेंज चुकवू नका. सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची ही समाधी पिरॅमिडांहून जुनी. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास उगवतं ऊन दारावरच्या झरोक्यातून १९ मीटरच्या बोळात शिरतं आणि सुमारे १७ मिनिटं गाभारा उजळतो. आत जाणारे सोडतीनं निवडतात. बाहेर पहाटे जमणाऱ्यांना मात्र सोडत लागत नाही. ढग आले तर आतलेही अंधारात, हा एक दिलासा. नाताळनंतर थांबणार असाल तर २६ तारखेला डिंगल गाठा. त्या दिवशी गवताचे पोशाख घातलेली मंडळी ढोल-बासऱ्या घेऊन गल्ल्यांतून हिंडतात.

प्रश्न : शेंगेन व्हिसा आहे. तो चालेल ना? (औरंगाबाद)

नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांत एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या शेंगेन गटात आयर्लंड नाही. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. डेरी आणि बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये मोडतात. रस्त्यात नाका दिसला नाही तरी तिथला व्हिसा लागतोच. भारतातून अर्ज करताना ब्रिटन-आयर्लंड संयुक्त योजनेची नोंद व्हिसावर मिळाली तर दोन्हीकडे एकाच व्हिसावर फिरता येतं, मात्र ज्या देशानं तो दिला तिथे आधी उतरावं लागतं. खोल्यांचं आरक्षण विमानाच्या तिकिटाबरोबरच करा. पक मेळ्याच्या दिवसांत किलॉर्गलिनला जागा मिळाली नाही तर किलार्नीत राहा, वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता आहे.