हरिहरेश्वरच्या कातळावरची जाळी

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत आम्ही हरिहरेश्वरला गेलो होतो. प्रदक्षिणामार्गावरील काळ्या कातळाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसली. ती लाटांच्या माऱ्याने पडते, असे बरोबरच्या मंडळींचे म्हणणे. आमच्या अजिंक्यताऱ्याचा दगडही तसाच काळा आहे. मग त्यावर अशी जाळी का नाही?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्हीकडचा दगड बेसाल्टच आहे, हे आपण अचूक हेरले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हापासून तो घडला. जाळीचे श्रेय मात्र लाटांना देता येत नाही.

लाटांचे काम खाली, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चालते. लाट आदळते तेव्हा भेगांत कोंडलेली हवा दाबली जाते, लाट मागे फिरताच ती झटक्यासरशी सुटते आणि भेग रुंदावते. शिवाय लाटेबरोबर येणारी वाळू व गोटे कड्याचा पायथा घासत राहतात. पायथा पुरेसा पोखरला गेला, की वरचा भाग आधाराअभावी कोसळतो, कडा मागे सरकतो आणि समोर सपाट कातळ उरतो. आपण चाललात तो हाच तरंगघर्षित मंच.

जाळी पाडते ते मीठ. उडालेले तुषार दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतात, उन्हाने पाणी उडून जाते, आणि आत वाढणारे मिठाचे स्फटिक दगडाचे कण सुटे करतात. एकदा खळगा पडला, की त्यात ओल व मीठ अधिक काळ टिकते, म्हणून तो खोल होत जातो आणि दोन खळग्यांमधल्या भिंती तेवढ्या उभ्या राहतात. अशा खळग्यात बोट फिरवले, तर पुष्कळदा रवाळ भुगा हाताला लागतो.

साताऱ्याच्या दगडाला हे खारे तुषार मिळत नाहीत. तेथे पावसाचे पाणी सांध्यांतून शिरून दगड कुजवते, कडा झिजतात, पापुद्रे सुटतात आणि गोलसर गाभा उरतो. आपल्याकडच्या काही दगडांवर बारीक भोके दिसतात खरी, पण ती लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची असतात. त्यांतील काहींत पांढरे स्फटिकही आढळतात.

पुन्हा जाल, तेव्हा ओहोटीची वेळ स्थानिकांना विचारूनच मार्गावर उतरावे, असे आग्रहाने सांगतो. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीचे पाणी नेहमीपेक्षा दूर जाऊन अधिक कातळ उघडा पडतो, परंतु त्याच दिवसांत भरतीला उधाणही येते.