‘स्वभक्षण’ की ‘मोडीत घालणे’?

खानापूर तालुक्यातल्या एका विज्ञानशिक्षिकेनं विचारलंय: ‘मायटोफॅजी’साठी (पेशी आपल्यातल्या बिघडलेल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, मोडते त्या क्रियेसाठी) ‘तंतुकणिका-स्वभक्षण’ असा शब्द वर्गात वापरला, तर मुलं म्हणाली, “बाई, पेशी स्वतःलाच खायला लागली म्हणजे रोगच की!” शब्द चुकलाय का? चुकला असेल तर दुसरा कुठला?

बाई, मुलांचा कान पक्का आहे. मराठीत ‘भक्षण’ म्हटलं की ‘भक्ष्य’, ‘भक्षक’, ‘रक्षकच भक्षक’ अशी सगळी भावकी मागोमाग येते. ग्रीकमध्ये ‘फागेन’ म्हणजे नुसतं खाणं. त्यावरून पेशीशास्त्रज्ञ क्रिस्तियान द दूव्ह यांनी 1963 साली ‘ऑटोफॅजी’ (पेशीनं स्वतःचेच भाग मोडणं) हे नाव रुजवलं. त्याचं ‘स्वभक्षण’ अक्षरशः बरोबर आहे, पण ‘मायटोफॅजी’ला ते लावलं की घोटाळा होतो. इथं ‘स्व’ कोण? तंतुकणिका स्वतःला खात नाही, तिला पेशी मोडते. ‘स्व’ काढून नुसतं ‘तंतुकणिकाभक्षण’ केलं तरी विग्रह दोन तऱ्हांनी होतो: तंतुकणिकेचं भक्षण, किंवा तंतुकणिकेनं केलेलं भक्षण.

‘तंतुकणिका’ला मात्र हात लावू नका. कार्ल बेंडा यांनी 1898 मध्ये ‘मायटोकॉन्ड्रियन’ नाव दिलं ते ‘मिटोस’ म्हणजे धागा आणि ‘कॉन्ड्रिऑन’ म्हणजे कण यांवरून. बेळगावात शहापूर-वडगावच्या मागावर तंतूला सूत म्हणतील, एवढंच.

आता क्रिया बघू, कारण शब्द तिच्यातूनच निघायला हवा. तंतुकणिका पेशीला ऊर्जा पुरवते आणि तिच्या आतल्या पटलावर विजेचा दाब असतो. हा दाब ठीक असेपर्यंत ‘पिंक-1’ नावाचं प्रथिन आत ओढलं जातं, कापलं जातं आणि संपतं. तंतुकणिका बिघडली, दाब पडला, की ते आत जाऊ शकत नाही आणि बाहेरच्या पटलावर साचतं. हीच खूण. मग ‘पार्किन’ हे दुसरं प्रथिन तिथं येतं आणि तंतुकणिकेवर ‘युबिक्विटिन’ या छोट्या खूण-प्रथिनाच्या साखळ्या चिकटवतं. तशी खूण झालेली तंतुकणिका दुहेरी पटलाच्या पिशवीत गुंडाळली जाते, ती पिशवी लयकारिकेला (पेशीतल्या पाचक रसांच्या पिशवीला, लायसोसोमला) मिळते, आतला माल विरघळतो आणि सुटे घटक पेशी पुन्हा वापरते.

आपल्याकडं याला जवळचे शब्द आहेत. तांदूळ ‘निवडणं’ आहे, शेतातली ‘भांगलण’ आहे. पण खडा फेकला जातो आणि तण बांधावर वाळतं. पुन्हा वापरण्याचा भाग त्यांत नाही. तो आहे ‘मोडी’त. माझ्या आजीची पितळी घागर गळायला लागली तेव्हा आधी तिनं ती झाळून घेतली. पुन्हा गळाली तेव्हा कासाराकडं मोडीत घातली. त्यानं वजन केलं, मोडीचे पैसे वजा केले आणि नवं पातेलं दिलं. जुनी घागर भट्टीत गेली. पेशीही अशीच वागते. थोडं बिघडलं असेल तर तंतुकणिका दुसऱ्या धडधाकट तंतुकणिकेत मिसळून सावरते, किंवा बिघडलेला तुकडा तुटून वेगळा होतो. मोडीची पाळी त्यानंतर येते.

एक जपा. ‘मोडीत काढणं’ आणि ‘मोडीत घालणं’ एक नव्हे. “विरोध मोडीत काढला” म्हणजे चिरडला, त्यात परत काही मिळत नाही. ‘मोडीत घालणं’ म्हणजे जुनं देऊन नवं घेणं. शिवाय मटकीला येतो तो मोड पुल्लिंगी, कासाराची ती मोड स्त्रीलिंगी. त्यामुळं एकटं ‘मोड’ हे नाम टाळा, क्रियापद वापरा.

मुलांनी रोगाचा विषय काढलाच आहे, तर त्यांना सांगा की रोग मोडीत घालण्यात नाही, ते अडण्यात आहे. पार्किनचं जनुक 1998 मध्ये सापडलं ते तरुण वयातच कंपवात (पार्किन्सनचा आजार) झालेल्या कुटुंबांमध्ये. पिंक-1चा संबंध 2004 मध्ये कळला. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तर हा आजार होतो. कंपवाताच्या बहुतेक रुग्णांत हे कारण नसतं, पण वाट कुठं अडते ते या थोड्या कुटुंबांमुळं दिसलं. चेतापेशी विभागत नाहीत, त्यामुळं साचलेला बिघाड वाटून कमी होत नाही. नादुरुस्त तंतुकणिकेतून घातक ऑक्सिजन-संयुगं सुटतात, तिचं डीएनए बाहेर झिरपलं तर दाह पेटतो. मेंदूतलं डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी यात लवकर खचतात. उलट तांबडी रक्तपेशी पक्व होताना आपल्या सगळ्याच तंतुकणिका मोडीत घालते, आणि तो आजार नव्हे.

परीक्षेच्या उत्तरात ‘ऑटोफॅजी’ला ‘स्वभक्षण’ राहू द्या. ‘मायटोफॅजी’ मात्र तशीच देवनागरीत लिहा आणि फळ्यावर शेजारी हे वाक्य द्या: “पेशी आपल्या बिघडलेल्या तंतुकणिका ओळखून मोडीत घालते.” यातला ‘ओळखून’ गाळू नका. पिंक-1 आणि पार्किनचं सगळं काम त्या एका शब्दात आहे.