आधी रजा वाढवून घे

मुंबई, फेब्रुवारी

प्रिय मुली,

काल रात्री तुझा बेत दोनदा वाचला. ऑगस्टमध्ये लडाखमधलं कांग यात्से दोन हे शिखर, ६२५० मीटर, मुंबई ते मुंबई नऊ दिवस. त्याखाली बुटांचे, जॅकेटचे, क्रॅम्पॉनचे, म्हणजे बर्फासाठी बुटांखाली बांधायच्या काट्यांचे फोटो आणि शेवटी प्रश्न, ‘ताई, यातलं काय घेऊ?’

आत्ता काहीच घेऊ नकोस. आधी ऑफिसात आणखी पाच दिवसांची रजा माग. मिळाली नाही तर या वर्षी शिखर नको. मार्खा खोऱ्यात नुसती चालून ये, तेही सुंदर आहे.

तू म्हणशील, मी जानेवारीत मॅरेथॉन धावले, पेडर रोडच्या चढावरही थांबले नाही. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण विरळ हवेत त्याची ढाल होत नाही. दमदार तरुण माणसालाही उंचीचा त्रास होतोच, आणि पाय साथ देतात म्हणून तो भराभर चढतो आणि लवकर अडकतो.

हे नीट समजून घे. हवेतला ऑक्सिजनचा वाटा लेहलाही दादरइतकाच, सुमारे २१ टक्के असतो. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला, म्हणजे साडेतीन हजार मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. साडेपाच हजारांवर निम्मा, आणि तुझ्या शिखरावर त्याहूनही कमी. प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजनही त्याच हिशेबाने घटतो. यावर शरीर पहिला उपाय करतं तो जोरात श्वास घेण्याचा. पण त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचा आम्ल-अल्क तोल बिघडतो आणि मेंदूच श्वासाला लगाम घालतो. मग मूत्रपिंडं लघवीवाटे जास्तीचं अल्क, म्हणजे बायकार्बोनेट, टाकून तो तोल सावरतात, तेव्हा कुठे श्वास मोकळा वाढतो. या कामाला दिवस लागतात, आणि पैसे टाकून ते लवकर उरकत नाही. सकाळी मुंबईला समुद्राकाठी असलेली तू दुपारी विमानाने लेहला उतरणार, तेव्हा हे काम सुरूही झालेलं नसतं.

लेहला वारंवार लघवीला होईल, ते चांगलं आहे. आपण बायका आडोशाच्या अडचणीने पाणी कमी पितो, ते तिथे अजिबात करू नकोस. आणि रात्री तंबूत शेजारणीचा श्वास काही क्षण थांबून पुन्हा जोरात सुरू झाला तर घाबरू नकोस. त्या उंचीवर झोपेत बऱ्याच जणांचं असं होतं.

आता दिवसांचा हिशेब. लेहला तीन रात्री, पहिले दोन दिवस फक्त सपाटीवर हिंडणं. मग स्कियू गावापासून मार्खा नदीच्या काठाने चढत जा. स्कियू लेहच्याच उंचीच्या आसपास आहे, म्हणून ही वाट मला आवडते, ती माणसाला हळूहळू वर नेते. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त उंचावू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच जागी वाढवावा, हा नियम पाळ. निमालिंगच्या कुरणावर पोचलीस की तो जादा मुक्काम तिथेच कर. दुपारी थोडी वर चढून ये आणि झोपायला खाली उतर. बेस कॅम्पला एक दिवस बर्फावरच्या सरावासाठी, एक चढाईचा आणि एक हवामानासाठी राखीव. जोड बरं. चौदाच्या आत बसत नाही.

मी इतकी हट्टाला का पेटले आहे ते सांगते. तुझ्याएवढी असताना मीही मोजक्या रजेत लडाखला गेले होते. लेहला एकच रात्र काढली. चौथ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, जेवण नकोसं झालं. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर थांबावं लागेल, थांबलं तर दिवस जाईल, आणि दिवस शिल्लकच नव्हता. गोळी घेऊन चालत राहिले. संध्याकाळी बुटाची नाडी बांधत होते आणि गाठ कशी मारायची तेच आठवेना. आमच्यातल्या एका दादाने ते पाहिलं आणि मला टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. दोन पावलांत मी कलले. तो तेव्हाच, अंधारात, मला धरून खाली घेऊन गेला. पहाटेपर्यंत डोकं बरंच निवळलं. पण दुसऱ्या दिवशी बाकीचे शिखरावर गेले आणि तो माझ्यापाशी गावात बसून राहिला. त्याला पुन्हा कधी तिकडे जायला जमलं नाही. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही, म्हणून ते अजून जास्त टोचतं. रजा कमी असली की माणूस आधी स्वतःशी खोटं बोलतो आणि मग सोबत्यांशी. आठ बाराची लोकल धरणाऱ्या आपल्यासारख्यांना तर थांबणं म्हणजे काहीतरी हुकणंच वाटतं.

म्हणून डोकं दुखलं तर त्याच मिनिटाला बोल. दुखायचं थांबेपर्यंत वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, चालताना तोल जायला लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट पाहायची नाही, लगेच उतरायचं. एकटीने कधीच नाही. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल जाण्याआधी डॉक्टरांना विचार आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांग. ती गोळी मूत्रपिंडांच्या त्या तोल सावरण्याच्या कामाला हातभार लावते, राखीव दिवसाची जागा घेत नाही.

आता तयारी. आपलं सर्वांत उंच कळसूबाई १६४६ मीटर, त्यामुळे उंचीची सवय इथे होणार नाही. इथे पाय, पाठ आणि धीर कमवायचा. तुझी इमारत बावीस मजली आहे, म्हणजे एका चढाईला साधारण पासष्ट मीटर. बेस कॅम्पपासून शिखरापर्यंत हजार-अकराशे मीटर चढायचंय, तेव्हा सोळा-सतरा फेऱ्या झाल्या. आज चारपासून सुरू कर, दर आठवड्याला एक-दोन वाढव, मे महिन्यापासून पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक. आणि उतरताना लिफ्ट नाही! गुडघे आणि मांड्या उतरणीलाच हात टेकतात, आणि डोंगरात बरेच अपघात शिखर झाल्यावर, दमलेल्या पायांनी उतरतानाच होतात. रविवारी पहाटे राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत चालत जा, न थांबता, पण शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगाने. वर तोच वेग कामाला येतो. जुलैत इथे धो धो पाऊस असेल, तेव्हा निसरड्या वाटांवर पाय मोडून घेऊ नकोस. त्या महिन्यात जिनाच बरा.

दोराचं काम महत्त्वाचं आहे. वरच्या उतारावर फिक्स रोप, म्हणजे आधीच बांधून ठेवलेला दोर, असला तर जुमार, म्हणजे दोरावर फक्त वरच्या दिशेने सरकणारी पकड, सरकवत चढायचं असतं आणि गाठीपाशी आधी सेफ्टी कॅराबिनर, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला जोडलेली कडी, पुढच्या दोरात अडकवून मगच जुमार काढायचा असतो. हे मे महिन्यात कातळावर उघड्या हातांनी कुणालाही जमतं. तू घरी जाड हातमोजे घालून, दिवा बंद करून, पन्नास वेळा कर. क्रॅम्पॉनचे पट्टेही तसेच बांध. रात्री एक-दोनच्या सुमाराला, हात गारठलेले असताना, तुला हेच करायचंय.

बर्फावर घसरलं तर आइस ॲक्स, म्हणजे बर्फाची कुऱ्हाड, रोवून स्वतःला थांबवणं मात्र मुंबईत शिकता येत नाही. त्यासाठी उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट इथला बेसिक कोर्स कर. चार आठवडे जातात आणि जागा खूप आधी भरतात. तो करून मग शिखराला जावं असं माझं मत आहे, जरी तुला ते ऐकायला आवडणार नाही. ते नाहीच जमलं, तर बेस कॅम्पवरचा सरावाचा दिवस कुणीही कापायला सांगितला तरी कापू देऊ नकोस.

सामानाचं थोडक्यात. जॅकेट, दुहेरी बूट, क्रॅम्पॉन लेहला भाड्याने मिळतात. विकत घे ते पायात रुळलेले ट्रेकिंगचे बूट, चांगले मोजे आणि बर्फावरचा गडद, बाजूने झाकलेला गॉगल. गॉगलवर पैसे वाचवू नकोस, डोळे एका दिवसात भाजतात. हेडलॅम्पची बॅटरी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोप, थंडीत ती लवकर उतरते. पाण्याची बाटली उलटी ठेव. पाणी वरून गोठत येतं, त्यामुळे झाकणाशी ते पातळ राहतं. नळीवाल्या पिशवीवर विसंबू नकोस.

चढाईच्या दिवशी परत फिरायची वेळ आदल्या संध्याकाळी गाइडबरोबर ठरवा आणि घरी आईलाही आधीच सांगून ठेव की मी शिखर न करता येऊ शकते. तिला सांगितलंस की तुलाही ते सोपं जाईल.

रजेचं काय झालं ते शुक्रवारपर्यंत कळव. मिळो न मिळो, शनिवारी रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलला ये, मी दादरला चढते. आंबेवाडीहून कुलंग किल्ला करू. सॅक बारा किलोची हवी, कसाऱ्याला मी हातात घेऊन बघणार आहे. हातमोजे आणि जुमार विसरू नकोस.

तुझी,
ताई