साक्ष द्यायची, पण काय सांगायचं?

प्रिय ताई,

दोन वर्षांपूर्वी तुमच्या यजमानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून रात्री दर दोन तासांनी उठून तुम्ही त्यांची कूस बदलता. आता चर्चच्या मंडळीतल्या वडीलजनांचा आग्रह आहे की रविवारी उपासनेत साक्ष द्या, कुंभार मातीला घडवतो तसं देवाने तुम्हाला कसं घडवलं ते सांगा. तुम्ही लिहिता, “मला काही घडल्यासारखं वाटत नाही. रात्री तीन वाजता मी देवाशी भांडते. आणि मला घडवायला त्याने ह्यांना पाडलं असेल, तर असा देव मला नको.” खाली सही, ‘अर्धी विश्वासी’.

या रविवारी साक्ष देऊ नका. नाही म्हणा, कारण सांगत बसू नका.

ते शेवटचं वाक्य लिहिताना तुमचा हात थरथरला असेल. पण मला ते पत्रातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटलं. तुमचे यजमान म्हणजे तुम्हाला धीर शिकवायचं हत्यार नव्हे. देवाला ते तुमच्याइतकेच प्रिय आहेत. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण मेले, ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का, असा प्रश्न येशूने स्वतःच काढला आणि उत्तर दिलं, नाही. प्रत्येक आपत्तीमागे कुणाचा तरी हिशेब लावायची सवय त्याने तिथेच मोडली. आपल्याला मात्र अजून सुटत नाही.

कुंभाराचं म्हणाल, तर बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १८वा अध्याय एकदा शांतपणे वाचा. चाकावरचं मडकं कुंभाराच्या हातात बिघडतं आणि तो त्याच मातीचं दुसरं करतो. माती फेकून देत नाही, हे खरंच. पण ते दृश्य संदेष्ट्याला दाखवलं गेलं ते वाट सोडलेल्या इस्राएलाच्या घराण्याला इशारा म्हणून. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईला ऐकवायला नव्हे. चांगलं वचन चुकीच्या दारात टाकलं की दगड होतो. देव माणसाला घडवतो हे मी मानते. पण घडत असताना मातीने मडक्याचं वर्णन करावं, ही अपेक्षा मला पटत नाही. प्रेषित पौलाचंच बघा. १४ वर्षांपूर्वीच्या दर्शनाबद्दल लिहिताना तो आपल्या शरीरातल्या काट्याचं सांगतो. तो काढ म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिला, कृपा मिळाली. इतक्या वर्षांनी तो हे लिहितो! तुम्हाला दोन वर्षांत शेवट सांगायला लावताहेत.

आता तीन वाजताच्या भांडणाबद्दल. बायबलमधलं १३वं स्तोत्र काढा. पहिल्या दोनच वचनांत ‘कोठवर’ चार वेळा येतं. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही, तरी ते शास्त्रात ठेवलं गेलं. संकटांनी पिचलेला ईयोब देवाशी इतकं तावातावाने बोलला की त्याच्या मित्रांना धडकी भरली. शेवटी देवाचा राग पेटला तो त्या मित्रांवर, कारण त्यांनी ईयोबासारखं यथार्थ भाषण केलं नव्हतं. (सुरुवातीला ते सात दिवस, सात रात्री गप्प बसले होते. तेवढं त्यांचं अगदी बरोबर होतं.) भांडायला समोर कुणीतरी असावं लागतं, ताई. तुमचा विश्वास उडाला असता तर तुम्ही तीन वाजता मुकाट्याने कूस बदलून झोपला असता.

वडीलजनांना एवढंच कळवा: “साक्षीचं नंतर बघू. शनिवारी रात्री यांच्याजवळ बसायला मंडळीतलं कुणी येईल का? मला सलग झोपायचंय.” लाजू नका. उघड्या-उपाशी भावाला नुसतं ‘सुखाने जा’ म्हणणाऱ्यांचा याकोबाने आपल्या पत्रात चांगलाच समाचार घेतलाय. येणाऱ्याला कूस कशी बदलायची, उशी कुठे लावायची, पाठीवर लाली दिसते का ते कसं बघायचं, हे आधी एकदा करून दाखवा. आणि इतक्या दिवसांच्या जागरणाबद्दल तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांशीही बोला, फक्त यजमानांच्या नव्हे.

रविवारी जमलं तर जा, मागच्या बाकावर बसा. गाणं तोंडातून निघालं नाही तर राहू द्या. बाकीचे म्हणतील.

तुमची,
ताई